गणपती हातात, गाडी जॅकवर

मला गाडीतलं कळतं असा गैरसमज आमच्या घरात एकट्या मलाच होता. बाकीच्यांचाही तो व्हावा म्हणून मी बरेच प्रयत्न करत होतो.

२००१ साली मी एक सेकंडहँड गाडी घेतली. रंग चॉकलेटी. मूळचा रंग काय होता ते विकणाऱ्यालाही आठवत नव्हतं. पुढच्या जानेवारीत रत्नागिरीत वाहनचालकांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. विषय, 'रस्त्यात गाडी बंद पडल्यास काय करावे'. मी पहिल्या रांगेत बसलो. चहा मिळाला, बटाटवडा मिळाला, बत्तीस पानांची पुस्तिका मिळाली आणि जाताना प्रमाणपत्र. प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून घेतलं. पुस्तिका पाठ केली. उमाला, म्हणजे माझ्या बायकोला, जेवताना एकेक वाक्य म्हणून दाखवायचो.

"पंक्चर झाल्यास गाडी सपाट व मोकळ्या जागी न्यावी."

"आमटी वाढू?"

"जॅक लावण्यापूर्वी सर्व प्रवाशांना खाली उतरवावे."

"वाढू का नको ते सांगा."

प्रत्यक्षात मी तोवर एकही चाक बदललेलं नव्हतं. पण पोहण्याचं पुस्तक वाचलेला माणूस विहिरीच्या काठावर कसा निर्धास्त उभा असतो, तसा मी गाडीत बसायचो.

आमचं मूळ घर आरे-वाऱ्याच्या रस्त्याला. घरचा गणपती येतो शिरगावातल्या शाळेतून. शाळा म्हणजे मूर्ती करतात ती जागा, आमच्याकडे तिला शाळाच म्हणतात. श्रावणात आपला पाट तिथे नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती तयार होते, आणि चतुर्थीला सकाळी पाटासकट उचलून आणायची. त्यात आमच्या घराण्याचा एक नियम आहे. ज्याने शाळेतून उचलला, त्यानेच घरी मखरात ठेवायचा. मधे कुठे टेकवायचा नाही आणि हात सोडायचा नाही. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही, पण मोडलेलाही कुणी बघितलेला नाही.

एक्केचाळीस वर्षं हे काम आप्पांकडे होतं. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. वय चौऱ्याहत्तर. शिरगावातून गणपती डोक्यावर घेऊन अडीच तास चालत यायचे, वाटेत कुणाशी बोलायचे नाहीत, पाणी प्यायचे नाहीत. वर्षातला तो एक दिवस आप्पांचा. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कलमांचे आणि वानरांचे.

त्या वर्षी पावसाळ्यात आप्पांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. ओटीवरून अंगणात उतरायलासुद्धा कुणाचा तरी खांदा लागायचा. माझा चुलतभाऊ हरिश्चंद्र मुंबईत नोकरीला असतो. चतुर्थीच्या दोन दिवस आधी तो आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आप्पा, यंदा गणपती मी आणतो. तुम्ही ओटीवर बसून बघा."

आप्पा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"पाय गेलेत माझे," ते म्हणाले. "हात जाग्यावर आहेत."

"पण एकदा माझ्याकडे दिलात की..."

"तेच. एकदा दिला की गेला. पुढल्या वर्षी मग कोण मला परत देतोय?"

अशा वेळी शहाणी माणसं गप्प राहतात. मी म्हणालो, "आप्पा, मी तुम्हाला गाडीने नेतो. शाळेत तुम्ही उचला, मांडीवर घेऊन बसा, घरी तुम्हीच ठेवा. हात सोडायचा प्रश्नच येत नाही."

आप्पांनी खिडकीतून वर रस्त्यावरच्या गाडीकडे बघितलं. सांगून आलेलं स्थळ बघावं तसं. "मधे कुठे थांबणार नाही ना रे, दत्तू?"

"आप्पा, माझ्याकडे प्रमाणपत्र आहे."

उमा आतून काहीतरी म्हणाली. बहुतेक देवाचं नाव होतं.

चतुर्थीला सकाळी आठला आम्ही शाळेत होतो. गुरुजी आमच्याकडे साडेदहाला यायचे होते. त्यांची त्या दिवशी चौदा घरं. साडेदहा हुकले की आमचा नंबर थेट दिवेलागणीला, आणि तोवर सगळं घर उपाशी. पण वेळ भरपूर होता. मूर्ती दीड फुटाची, शाडूची. तोंडावर रुमाल बांधलेला, कारण घरी पोचेपर्यंत देवाचं तोंड बघायचं नाही. आप्पांनी नमस्कार केला, पाट उचलला, आणि त्यांना गणपतीसकट पुढच्या सीटवर कसं बसवलं ते मी सांगत नाही. शाळेतल्या पोरांनी काम टाकून बघितलं एवढं पुरे. उमा मागे, मांडीवर हार आणि दुर्वांची परडी.

अर्धी वाट छान गेली. मी दोनदा आरशात बघून उमाला खूण केली, बघ म्हणून. तिसऱ्यांदा खूण करायला बघितलं तेव्हा चढावरचं वळण आलं होतं आणि डावीकडून फुस्स असा आवाज आला. मग गाडी लंगडायला लागली.

मी वळणावरच थांबलो.

"पुढे शंभर पावलांवर सपाट आहे," उमा म्हणाली. "तिथे घ्या हळूहळू."

"रिम वाकेल."

"तुम्हीच तर म्हणत असता, सपाट आणि मोकळी जागा."

"ते पुस्तकात. रिम आपली आहे."

हे वाक्य मला पुढे बरीच वर्षं ऐकायला मिळालेलं आहे. रिम आपली आहे. भाजी करपली, नळ गळला, काही झालं की उमा म्हणते, असू दे, रिम आपली आहे.

उतरून बघितलं. पुढचं डावं चाक पुरतं बसलं होतं. मी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकामागे दगड लावला, आणि डिकीतून माझा लाल त्रिकोण काढला. हा मी घरी पुठ्ठ्याचा केला होता, वर रेडियमची पट्टी चिकटवून. पन्नास पावलं मागे नेऊन रस्त्याच्या कडेला उभा केला. वळून चार पावलं आलो आणि मागून एक जीप गेली. ती गेल्यावर त्रिकोण रस्त्याला चिकटलेला होता. ओल्या पुठ्ठ्याला रेडियम लावून तो पत्र्याचा होत नाही, हे पुस्तिकेत दिलेलं नाही.

"फांदी टाका एखादी," उमा म्हणाली. "ट्रकवाले टाकतात तशी."

जवळ हिरवं असं एकच झाड होतं. मी फांदीला हात घातला.

"दत्तू," गाडीतून आप्पा शांतपणे म्हणाले, "ते हापूसचं कलम आहे. मोडायच्या आधी मालकाला विचारून ये. नाहीतर माझ्या डोळ्यांदेखत तरी मोडू नकोस."

मी हात काढला. आमच्याकडे माणसाच्या अंगावरून चाक गेलं तर पंचनामा होतो, कलमाची फांदी मोडली तर तीन पिढ्या बोलत नाहीत.

आता जॅक. जॅक डिकीत होता, स्टेपनी होती, पाना होता. म्हणजे सगळी तयारी होती. फक्त गाडीत आप्पा होते आणि आप्पांच्या मांडीवर गणपती.

"आप्पा बसू देत तसेच," मी म्हणालो. "त्यांचं वजन ते काय. पन्नास किलो. गणपती आठ. गाडीला कळणारसुद्धा नाही."

"खाली उतरवायचं," उमा म्हणाली.

"अगो, त्यांना उतरवायचं म्हणजे गणपती कुणाच्या तरी हातात द्यावा लागेल. हात सुटतो. सगळा खटाटोप कशासाठी केला मग?"

"ते नंतर बघू. गाडीत माणूस ठेवून जॅक लावायचा नाही. हे मला आमटी वाढताना चाळीस वेळा ऐकवलंयत."

आप्पा आमच्या दोघांकडे बघत होते. सुटला तर त्यांचा हात सुटणार होता. मग ते म्हणाले, "दत्तू, इकडे ये. पाट दोन्ही बाजूंनी धर. नीट धर. मी एक हात सोडतो. एकच."

मी पाट धरला. आप्पांनी डावा हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. उजवा पाटाच्या कडेला घट्ट. मग उमाने त्यांना बगलेत धरलं आणि हळूहळू, आधी एक पाय, मग दुसरा, असं बाहेर काढलं. पाट माझ्या दोन हातांत, आणि पाटाच्या कडेला आप्पांची चार बोटं.

"हात सुटलेला नाही," आप्पा म्हणाले. "हे तू बघितलंस. हरिश्चंद्राला सांगायचं."

उमाने त्यांच्या डाव्या हातात छत्री दिली, कारण भुरभुर सुरू झाली होती. छत्री अर्थातच गणपतीवर. मी भिजत होतो. आणि तेव्हा, गणपती हातात घेऊन उभा असताना, माझ्या लक्षात आलं की चाक बदलायचं शिबिर केलेला माणूस मी एकटाच आहे आणि माझे दोन्ही हात गेलेले आहेत.

उमाच्याही लक्षात आलं. तिने पदर खोचला.

"सांगा," ती म्हणाली. "पाठ आहे ना. म्हणा."

मी म्हणायला सुरुवात केली. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरंच वाटलं. माझ्या ज्ञानाला इतका तयार श्रोता कधी मिळाला नव्हता. मी सांगितलं, जॅक अमुक ठिकाणी लाव. तिने लावला. जमीन मऊ होती, लाल चिखल, जॅक खाली जायला लागला.

"खाली काहीतरी सपाट हवं," मी म्हणालो. "तो बघ, तो चिरा. त्याची चीप."

रस्त्याच्या कडेला जांभ्याचा तुटका चिरा पडला होता. उमाने त्याची सपाट चीप आणून जॅकखाली ठेवली. चार पिढ्या आमची घरं याच दगडावर उभी आहेत, तर एक गाडी काय जड, असा माझा हिशेब. गाडी वर गेली. चाक अधांतरी झालं. मी म्हणालो, "आता नट सोडव."

तिने पाना लावून जोर केला. चाक गरगर फिरलं. तिने परत लावला. परत फिरलं. जत्रेतल्या चक्रासारखं.

"हे असंच असतं?" उमाने विचारलं.

"जोर कमी पडतोय. धक्का दे."

"दत्तू," आप्पा म्हणाले, "बैलगाडीचं चाकसुद्धा जमिनीवर असताना सैल करतात रे. अधांतरी कसं सुटेल?"

आता हे पुस्तिकेत होतं. पान अकरा. 'नट प्रथम सैल करावेत, मगच गाडी उचलावी.' मला ते पान डोळ्यांसमोर दिसलं, पानाच्या कोपऱ्यात वड्याचा तेलाचा डाग होता तोही दिसला. पण आप्पांनी सांगितलेलं लगेच कबूल केलं तर शिबिराची अब्रू जाते.

"तसंही करतात," मी म्हणालो. "पण आता वर गेलीच आहे तर एकदा जोरात दे. एकच."

उमाने एकच जोरात दिला.

ओला जांभा कसा फुटतो ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आवाज होत नाही. भाकरी चुरावी तसा तो चुरला. जॅक आडवा झाला आणि गाडी डावीकडे धाडकन खाली बसली. मागच्या चाकाचा दगड उडाला, गाडी वीतभर मागे सरकली आणि हँडब्रेकवर थांबली. आप्पांच्या बाजूचं दार उघडं होतं. ते बांधावर आपटलं आणि आतल्या बाजूला मुडपलं.

उमा बाजूला उडी मारून उभी होती. तिला काही झालं नव्हतं. सीटवर, जिथे आप्पांचे गुडघे होते, तिथपर्यंत दार आत आलं होतं.

आप्पांनी मान पुढे करून सीटकडे बघितलं.

मग ते म्हणाले, "पन्नास आणि आठ किलो."

उमा काहीच म्हणाली नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि ती काही म्हणाली नाही, ही त्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं. मी दोनदा तोंड उघडलं. माझ्या हातात गणपती होता म्हणून वाचलो, नाहीतर तिने पाना माझ्याकडे दिला असता, कसा ते माहीत नाही.

मग तिने घड्याळ बघितलं. साडेनऊ.

"तुम्ही आता बोलायचं नाही," ती मला म्हणाली. "तुम्ही दोघं वळणाच्या मागे जाऊन उभे राहा. तुमच्या त्रिकोणाला कुणी विचारलं नाही. गणपतीला विचारतील. रस्त्यात नाही, कडेला, गवतात."

"पण इथे तुला कोण..."

"जा."

आम्ही निघालो. आता दोन माणसांनी एक पाट धरून चालायचं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी जोरात गेलो तर आप्पा ओढले जायचे, हळू गेलो तर माझ्या टाचेवर यायचे. आप्पांचे गुडघे तर एका वेळी एकच काम करणारे. पहिल्या दहा पावलांत आम्ही दोनदा थांबलो. मग आप्पा म्हणाले, "तू माझ्याकडे तोंड कर. मागे मागे चाल. मी म्हणेन एक, तेव्हा तुझा डावा. दोन म्हणेन तेव्हा उजवा. माझं वजन पाटावर नको, तुझ्या मनगटावर घेतो."

"मी मागे चालतोय, मला रस्ता दिसत नाही."

"पुढे बघून काय उजेड पाडलास."

तर असं एक-दोन, एक-दोन करत, मी पाठमोरा, आप्पा समोर, मधे गणपती आणि वर छत्री, असे आम्ही वळणामागे जाऊन उभे राहिलो. पन्नास पावलांना सात मिनिटं लागली.

आणि उमाचं बरोबर होतं. लाल त्रिकोणावरून जीप गेली होती. गणपती बघून ट्रक थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, हात जोडले, कानाला हात लावले आणि पहिल्या गिअरमधे गाडीच्या बाजूने सरकत गेला. एस.टी. थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "काय हो, आजच विसर्जन?"

"पंक्चर," मी म्हणालो.

"देवाला?"

खिडकीतून एका म्हातारीने जास्वंदीचं फूल पाटावर टाकलं. मागे चार मोटारसायकली. प्रत्येकजण चपला काढायला लागला. एकाने विचारलं, नवसाचा का. पुण्याची एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या बाईंनी विचारलं, "हेच का गणपतीपुळे?"

"पुढे आहे," आप्पा म्हणाले. "हा घरचा."

माझे खांदे भरून आले होते. आप्पांची बोटं तिथेच होती, पाटाच्या कडेला. मधेच म्हणाले, "दत्तू, तुझ्या मनात असेल की म्हातारा हट्टी आहे."

"नाही हो."

"आहेच. पण शाळेतून उचलताना मी म्हटलंय त्याला, घरी मीच ठेवीन. गुडघ्यांना मी शब्द दिलेला नाही. त्याला दिलाय."

मी पाटाखाली बोटं नीट सरकवली. बोलायची परवानगीही नव्हती.

तेवढ्यात शेताच्या बांधावरून धोंडू आला. धोंडूचं शेत तिथेच खाली. इरलं पाठीवर, हातात कोयती. आम्हाला बघून त्याने आधी नमस्कार केला, मग माझ्याकडे बघून हसला.

"काय वो दत्तूभाव, गणपती घेऊन हितं का उभं?"

"गाडी बंद पडली. उमा चाक बदलतेय."

"वैनी? आन तुमी?"

"मी सूचना देत होतो."

"मग दिलाव ना. आता काय ऱ्हायलं?"

तो गाडीकडे गेला. पुढचं मी बघितलेलं नाही, उभं राहताना आम्ही फिरलो होतो आणि माझी पाठ गाडीकडे होती. आप्पांना छत्रीखालून दिसत होतं, ते एकेक सांगत होते. धोंडूने खोपीतून नांगराची जाड फळी आणली. कातळाचे दोन मोठे धोंडे मागच्या चाकांना लावले. उमाने चाक जमिनीवर असतानाच नट सोडवले, पान्यावर पाय देऊन, उभी राहून. मग फळीवर जॅक. मग गाडी वर. कुणी आत नाही, कुणी खाली नाही. स्टेपनी चढली. गाडी खाली. परत पान्यावर पाय.

"सगळं पान अकराप्रमाणे चाललंय का?" आप्पांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आणि बारा."

दार धोंडूने दोन लाथांत सरळ केलं. ते अजून नीट बंद होत नाही, पण त्याची गोष्ट वेगळी.

दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही परत निघालो. आप्पा सीटवर, गणपती मांडीवर, दोन्ही हात पाटावर. मी गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवली. मागून उमा म्हणाली, "घरी पोचल्यावर काय ठरवलंयत?"

"काय म्हणजे?"

"पाखाडी."

आमचं घर रस्त्याच्या खाली आहे. रस्ता ते अंगण, चिऱ्यांची पाखाडी, चौपन्न पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. मी त्या घरात लहानाचा मोठा झालो. चौपन्न मोजत मोजत पाढे शिकलो. सकाळी आप्पांना हरिश्चंद्राने पाठुंगळी घेऊन वर आणलं होतं, पण उतरताना त्यांच्या हातात गणपती असणार हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आप्पांना गाडीने आणायची माझी सगळी योजना, गेले दोन दिवस घोकलेली, रस्ता संपतो तिथे संपत होती.

आरशात मी उमाकडे बघितलं. खूण केली नाही.

गाडी थांबली तेव्हा पाखाडीच्या तोंडाशी हरिश्चंद्र उभा होता. अंघोळ करून, सोवळं नेसून. दार त्याने बघून न बघितल्यासारखं केलं, चांगला माणूस आहे. दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "द्या आप्पा. एवढंच तर आहे. कुणी काही म्हणणार नाही."

खालून घंटेचा आवाज आला. गुरुजी येऊन बसले होते.

आप्पांनी पाखाडीकडे बघितलं. चौपन्न पायऱ्या खाली, मधे दोन ठिकाणी वळण. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. हात पाटावरून हलले नाहीत, पण हलतील असं मला वाटलं.

"आप्पा," मी म्हणालो, "एक-दोन करू या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आत्ताच शंभर पावलं करून आलोय," मी म्हणालो. "जाऊन-येऊन. आता नुसत्या पायऱ्या. मी खाली पाठ करतो, तुमचं वजन मनगटावर द्या. उमा मागून कंबर धरेल."

"तू मागे चालत? ह्या पाखाडीवर?"

"पुढे बघून मी काय उजेड पाडतो ते तुम्ही सकाळपासून बघताय."

हरिश्चंद्र म्हणाला, "दत्तू, वेड्यासारखं नको करू. घसरलास तर तिघं जाल आणि मूर्ती जाईल."

हे बरोबर होतं. सकाळपासून ढीगभर चुका केलेल्या माणसाला आता तरी शहाणपण यावं असं मलाही वाटलं. म्हणून मी पहिल्यांदा, पाठ नसलेली एक गोष्ट केली. हरिश्चंद्राला म्हणालो, "तू माझ्या मागे राहा. दोन पायऱ्या खाली. माझ्या पाठीला हात लाव. मी गेलो तर अडव."

त्याने क्षणभर विचार केला. सोवळं वर खोचलं आणि दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला.

"एक," आप्पा म्हणाले.

माझा डावा पाय खाली गेला. हरिश्चंद्राचा हात पाठीला लागला.

"दोन."

अशी चौघांची आगगाडी निघाली. सगळ्यात खाली हरिश्चंद्र, वर तोंड करून, दगडाला दगड चाचपत. मग मी, पाठमोरा. मग गणपती, मग आप्पा, मग उमा, तिच्या हाताचं काळं तेल आप्पांच्या पांढऱ्या धोतराला. घरातली सगळी माणसं अंगणात येऊन वर बघत होती. गुरुजीही आले. घड्याळ बघत. सव्विसाव्या पायरीला आप्पांचा गुडघा अडकला आणि आम्ही सगळे थांबलो. आप्पांनी तीन श्वास घेतले.

"सत्तावीस," ते म्हणाले. एक-दोन सोडून एकदम आकडा. तिथून पुढे ते आकडेच म्हणाले.

चौपन्नाला मी अंगणात होतो. मग ओटी, मग माजघर, मग मखर. तिथे आप्पा म्हणाले, "आता मी पुढे. तू बाजूला ये, पण सोडू नकोस. वाकताना मला आधार लागेल."

मखराच्या चौरंगावर पाट टेकला तेव्हा त्यावर आप्पांचे दोन हात होते आणि माझे दोन. गणपती सरळ होता. उमाने रुमाल सोडला. सोंड डावीकडे, डोळे नुकतेच रंगवल्यासारखे ओले. पाटावर जास्वंदीचं फूल अजून होतं.

दहा बेचाळीस झाले होते. गुरुजींनी आसन घेतलं, पळी-पंचपात्र मांडलं आणि वर बघितलं. आम्ही दोघं तसेच वाकलेले. माझे खांदे बधिर झाले होते, बोटं हलत नव्हती. आप्पांचं काय झालं होतं ते मला माहीत नाही. ते मूर्तीकडे बघत होते.

"हात काढा हो दोघांनी," गुरुजी म्हणाले. "मला अजून अकरा घरं आहेत."

आप्पांनी आधी माझे काढले. एकेक बोट सोडवून. मग आपले.